पोलिसांच्या मारहाणीविरुद्ध गावाने न्याय कसा मागावा: आधी कागद, मग मोर्चा

चोरीच्या संशयावरून गावातल्या एखाद्या तरुणाला रात्री ठाण्यात नेले जाते, सकाळी तो लंगडत घरी येतो आणि दुपारपर्यंत तालुक्याच्या चौकात माणसे जमू लागतात. हा राग खरा असतो, परंतु त्याचा शेवट बहुधा ठरलेला असतो. ठाणेदाराची बदली होते, निवेदन देतानाचा फोटो वर्तमानपत्राच्या तालुका पानावर छापून येतो, मारहाणीचा गुन्हा नोंदवलाच जात नाही आणि रस्ता अडवल्याचा गुन्हा मात्र मोर्चात पुढे उभ्या असलेल्या पोरांवर लागतो. असे होते याचे कारण लोक कमी पडतात हे नव्हे. मोर्चा निघतो तेव्हा हातात दाखवायला कागद नसतो, हे आहे. म्हणून या लेखात कामे ज्या क्रमाने करावीत त्याच क्रमाने मांडली आहेत, आणि मोर्चाचा क्रमांक त्यात मुद्दामच उशिरा येतो.

माणूस अजून ठाण्यातच असेल तर

पहिला प्रश्न एकच विचारायचा: त्याला अटक झाली आहे का, आणि झाली असेल तर किती वाजता? "नुसती चौकशी चालू आहे, सकाळी सोडतो" हे उत्तर सर्वांत धोक्याचे, कारण अटक दाखवली नाही तर कागदावर २४ तासांचे घड्याळ सुरूच होत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ प्रमाणे अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ प्रमाणे अटकेचा पंचनामा करून त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची सही घ्यावी लागते, आणि कलम ४८ प्रमाणे अटकेची व ठेवलेल्या ठिकाणाची माहिती नातेवाइकांना द्यावी लागते. चौकशी चालू असताना वकिलाला भेटण्याचा हक्क कलम ३८ देते. वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही, पण भेट नाकारता येत नाही. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची तर तसे अपवादात्मक कारण लागते आणि महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

ठाण्यात दोघा-तिघांनीच जावे, त्यांत एखादी वयस्क बाई असावी आणि आवाज चढवू नये. रात्रीच्या वेळी पन्नास माणसे ठाण्याच्या दारात उभी राहिली तर आत बसलेल्या माणसाला त्याचा उपयोग होत नाही, उलट बाहेरच्यांवर "सरकारी कामात अडथळा" म्हणून गुन्हा लावण्याची सोय होते; लोक अजूनही त्याला तीनशे त्रेपन्न म्हणतात, नव्या भारतीय न्याय संहितेत ते कलम १३२ आहे. त्याच वेळी तिसऱ्या माणसाने घरी बसून ११२ वर फोन करावा आणि पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या ई-मेलवर चार ओळी पाठवाव्यात: कोणाला, कुठून, किती वाजता, कोणत्या गाडीतून नेले. हा ई-मेल वाचला जाईलच असे नाही, पण त्यावर वेळ छापली जाते, आणि पुढे "आम्ही त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी आणले" असे कोणी म्हणाले तर ती वेळ बोलते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांकही लावून ठेवावा. कोठडीतली व्यक्ती, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील माणसे यांना विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे उत्पन्नाची अट न पाहता मोफत वकील मिळतो, आणि तालुक्याच्या न्यायालयातच तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय असते.

दंडाधिकाऱ्यांपुढे नेल्यावर "काही तक्रार आहे का?" असा प्रश्न विचारला जातो. त्या एका क्षणासाठी माणसाला आधीच तयार करावे लागते. मारणारे तिथेच मागे उभे असतात, त्यामुळे बहुतेक जण मान हलवून "नाही" म्हणतात आणि तो नकार नोंदीत जातो. वकिलाने किंवा नातेवाइकाने कोर्टाच्या आवारात त्याला एवढेच सांगावे की शर्ट वर कर, पाय दाखव आणि कुठे मारले ते सांग. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ प्रमाणे अटक झालेल्या माणसाची वैद्यकीय तपासणी होते आणि तिच्या अहवालाची प्रत त्याला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला मिळते. ती तिथेच मागावी.

दवाखाना: इथे घाई करायची

सुटून आलेल्या माणसाला आधी घरी नेऊन हळद लावण्याची आपल्याकडची रीत समजण्यासारखी आहे, पण ती नुकसान करते. थेट ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जावे. नोंदणीच्या खिडकीवर "पोलिसांची चिठ्ठी आणा, मग एमएलसी करू" असे हमखास ऐकू येते. हे खरे नाही. डॉक्टर स्वतःहून वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण (एमएलसी) म्हणून नोंद करू शकतात आणि पोलिसांना कळवू शकतात. उपचार तर थांबवताच येत नाहीत. डॉक्टर तयार नसतील तर त्याच खिडकीवर अर्ज लिहून द्यावा, त्यावर पोच मागावी आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना फोन करावा. एवढ्यानेही पुष्कळदा काम होते. झाले नाही तर सेवाग्राम, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर किंवा नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे; त्या दिवशीच्या मजुरीचा आणि एसटीच्या तिकिटाचा हिशेब नंतर करता येईल.

तपासणीच्या वेळी पोलीस खोलीत नकोत, असे स्पष्ट सांगावे. केसपेपरवर इजेचे कारण रुग्णाच्या शब्दांत लिहिले गेले आहे का ते पाहावे: कोणी, कशाने, कुठे, किती वाजता. "पडल्यामुळे" हा एकच शब्द पुढची दोन वर्षे खाऊ शकतो. काठीचा किंवा पट्ट्याचा मार ओळखू येतो. त्वचेवर दोन समांतर लाल रेषा उठतात आणि मधला पट्टा फिकट राहतो. पडलेल्या माणसाच्या अंगावर असे वळ उठत नाहीत, आणि तळपाय, ढुंगण, मांडीची आतली बाजू इथे तर पडून मार लागणे कठीणच. तळपायांवर मारले असेल तर वरून फारसे काही दिसत नाही, म्हणून चालताना कुठे कळ येते ते सांगून एक्स-रे मागावा. मांड्यांवर व पाठीवर खूप मार बसला असेल आणि लघवी कमी किंवा काळपट-लाल होत असेल, तर फुटलेल्या स्नायूंमुळे मूत्रपिंड धोक्यात आल्याचे ते लक्षण आहे. अशा माणसाला तालुक्यात एक रात्रही न ठेवता मोठ्या रुग्णालयात हलवावे.

फोटो दिवसाच्या उजेडात काढावेत. आधी चेहऱ्यासकट पूर्ण शरीराचा, मग प्रत्येक जखमेचा जवळून, शेजारी शाळेतली मोजपट्टी किंवा रुपयाचे नाणे ठेवून. वळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक गडद होतात, म्हणून तेव्हा पुन्हा काढावेत. मूळ फाइल ज्या मोबाइलमध्ये आहे तो मोबाइल विकू नये, बदलू नये, त्यातले काही पुसू नये. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या प्रतीतून चित्राची मूळ वेळ निघून जाते. न्यायालयात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते आणि ते मूळ उपकरणावरच आधारलेले असते. अंगावरचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत. प्लास्टिकच्या पिशवीत ओलसरपणा कोंडतो आणि डाग कुजतात.

तक्रार कशी लिहावी, कुठे द्यावी

ज्या ठाण्यात मारले त्याच ठाण्यात तक्रार द्यायला जाणे मनाला पटत नाही, आणि जायलाच हवे असेही नाही. झिरो एफआयआर कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, आणि ई-मेलने माहिती दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. दखलपात्र (वॉरंटशिवाय अटक करता येण्याजोगा) गुन्हा दिसत असेल तर नोंद करणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिताकुमारी प्रकरणात सांगितले आहे. नोंद नाकारली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवावा. स्पीड पोस्टाची पावती जपावी, कारण पुढे दंडाधिकाऱ्यांकडे जाताना आधी अधीक्षकांकडे गेलो होतो हे प्रतिज्ञापत्रासह दाखवावे लागते.

तक्रारीतली भाषा शांत आणि नेमकी असावी. "पोलिसांनी अमानुष मारहाण करून लोकशाहीचा खून केला" या वाक्यावर गुन्हा नोंदवता येत नाही. पुढीलसारख्या वाक्यांवर येतो:

"दिनांक अमुक रोजी रात्री सुमारे साडेदहा वाजता मला ठाण्याच्या मागच्या खोलीत नेले. तिथे गणवेशातील तीन कर्मचारी होते. एकाच्या छातीवरील नावाची पट्टी मी वाचली, उरलेल्या दोघांना चेहऱ्याने ओळखू शकेन. एकाने माझे पाय धरले, दुसऱ्याने पट्ट्याने दोन्ही तळपायांवर मारले. 'मोटार कुठे लपवली ते सांग' असे ते म्हणत होते. मारहाणीनंतर मला त्याच खोलीत चालायला लावले. खोलीला हिरवा दरवाजा असून आत पाण्याचा माठ आहे."

दरवाजाचा रंग आणि माठ हे तपशील फाजील वाटतील. परंतु पुढे "हा माणूस त्या खोलीत आलाच नव्हता" असा बचाव येतो तेव्हा तेच उपयोगी पडतात. "मोटार कुठे लपवली" हे वाक्यही महत्त्वाचे आहे, कारण कबुली किंवा माहिती काढण्यासाठी केलेली मारहाण हा न्याय संहितेच्या कलम १२० खालचा वेगळा गुन्हा आहे. साध्या दुखापतीसाठी त्याला सात वर्षांपर्यंत आणि गंभीर दुखापतीसाठी दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शेतातली पाण्याची मोटार किंवा तुरीचे पोते चोरीला गेल्यावर ज्याच्यावर हात टाकला जातो तो माणूस बहुधा पारधी, गोंड, कोलाम किंवा दलित वस्तीतला असतो, हे विदर्भात कोणाला सांगावे लागत नाही. पीडित अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे तक्रारीतच मागावीत. त्यातील कलम १८ अ प्रमाणे गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही, आणि तपास उपअधीक्षकाहून खालच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही.

त्याच दिवशी दुसरा अर्ज करावा, तो सीसीटीव्हीसाठी. डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे आणि किमान एक वर्षाची साठवण बंधनकारक केली. तरीही "त्या रात्री वीज नव्हती" असे उत्तर येऊ शकते. म्हणून अमुक तारखेचे, अमुक ते अमुक वेळेचे चित्रण आणि स्टेशन डायरीची नोंद जतन करावी, असा लेखी अर्ज ठाणेदार आणि अधीक्षक या दोघांना देऊन पोच घ्यावी. एकदा लेखी मागणी पोचली की चित्रण "आपोआप पुसले गेले" असे सांगणे अवघड जाते. सोबत माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्जही टाकावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेवढेही शुल्क लागत नाही.

मुदतींची दोन गाठोडी लक्षात ठेवायची. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम १६१ चा आधार घेऊन पोलीस सहा महिन्यांनंतरच्या खटल्याला हरकत घेतात. ती हरकत प्रत्येक प्रकरणात टिकतेच असे नाही, पण उशीर करून तिला संधी देऊ नये. राष्ट्रीय किंवा राज्य मानवाधिकार आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत जावे लागते. तक्रारीला शुल्क नाही, मराठीत लिहिलेली चालते. मात्र एका आयोगाकडे प्रकरण चालू असताना दुसरा ते घेत नाही, म्हणून दोघांकडे एकदम पाठवून आपलीच वाट बंद करू नये. पोलीस अधिनियमात २०१४ च्या दुरुस्तीने आलेले पोलीस तक्रार प्राधिकरण हे तिसरे दार आहे. तिथे वेळ लागतो, पण संबंधित अधिकाऱ्याला येऊन उत्तर द्यावे लागते.

कोठडीत मृत्यू झाला असेल तर

अशा वेळी अंत्यसंस्काराची घाई करण्यासाठी दबाव येतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांची स्वतंत्र चौकशी बंधनकारक आहे आणि शक्य असेल तेव्हा नातेवाइकांना कळवून हजर राहू द्यावे लागते. शवविच्छेदनाचे चित्रीकरण व्हावे, ही मानवाधिकार आयोगाची सूचना १९९५ पासूनची आहे. ती लेखी मागावी आणि शवविच्छेदन वैद्यकीय महाविद्यालयातच व्हावे असा आग्रह धरावा. दहन केल्यावर दुसरे शवविच्छेदन अशक्य होते, म्हणून शंका असेल तर दफनाचा विचार करावा. मृतदेह ताब्यात न घेण्याचा निर्णय घरच्यांचाच असला पाहिजे, पुढाऱ्यांचा नव्हे. आणि तो पैशांसाठी न ताणता चित्रीकरण, दंडाधिकारी आणि गुन्ह्याची नोंद या तीन गोष्टींसाठी असावा. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीतील एका तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला, त्या प्रकरणात पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश औरंगाबाद खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये दिला. रस्त्यावरचा लढा आणि आईने दाखल केलेली याचिका तोवर सोबतच चालू राहिली होती.

मोर्चा

आता मोर्चा. अनुच्छेद १९(१)(ख) शांततेने आणि शस्त्रांविना एकत्र जमण्याचा हक्क देतो. रस्ता आणि वेळ ठरवण्याचा अधिकार प्रशासनाला आहे, हक्कच काढून घेण्याचा नाही. ठाणेदार आणि तहसीलदार या दोघांना लेखी कळवावे: दिवस, मार्ग, सुरुवात व शेवटाची वेळ, अंदाजे संख्या, पाच जबाबदार माणसांची नावे. त्याआधी जिल्ह्यात पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा जमावबंदी आदेश चालू आहे का, हे जिल्हाधिकारी कार्यालयात विचारावे. सणासुदीला आणि निवडणुकीच्या दिवसांत तो बहुधा असतोच आणि अनेकांना नंतर गुन्हा लागल्यावरच कळतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची नोटीस घरी आली तर घाबरू नये. ती ताकीद असते, मनाई नव्हे. ती घ्यावी, प्रत जपावी आणि लेखी उत्तर द्यावे की आमचा मोर्चा शांततेचा आहे.

ज्या ठाण्याविरुद्ध मोर्चा आहे त्याच ठाण्याचे पोलीस बंदोबस्ताला असतात, म्हणून मोर्चा ठाण्यावर न नेता तहसील किंवा उपविभागीय अधिकारी कार्यालयावर न्यावा, आणि बंदोबस्त दुसऱ्या ठाण्याचा असावा अशी मागणी अधीक्षकांकडे करावी. आठवडी बाजाराचा दिवस गर्दीसाठी सोयीचा वाटतो, पण बाजारातली धक्काबुक्की आपल्या नावावर जमा होते. कापूस वेचणीच्या दिवसांत बायामाणसांची रोजी बुडते, म्हणून मोर्चा सकाळी लवकर काढून अकरापर्यंत संपवावा. एप्रिल-मेमध्ये तर हे करावेच लागते. पंचेचाळीस अंशांत दुपारी दोनला डांबरी रस्त्यावर बसवलेली म्हातारी माणसे रुग्णालयात जातात आणि बातमी त्यांचीच होते.

२३ नोव्हेंबर १९९४ रोजी हिवाळी अधिवेशनावर गेलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे गेली. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. नागपुरात झिरो माइलजवळ त्यांचे स्मारक आहे. माणसे निवेदन घ्यायला कोणीतरी येईल म्हणून थांबली होती. त्या दिवसाची जबाबदारी मोर्चेकऱ्यांवर टाकणे अन्यायाचे होईल, पण मोर्चा बांधणाऱ्याने त्यातून दोन कामे शिकून घ्यावीत. निवेदन कोण, कुठे, किती वाजता स्वीकारणार हे आदल्या दिवशी नावानिशी ठरवून घ्यावे. आणि अडथळ्यांसमोर दाटीवाटीने उभे न राहता मागे व बाजूला वाट मोकळी ठेवावी. मुले, गरोदर बाया आणि म्हातारी माणसे कधीही पहिल्या रांगांत नसावीत. दर तीस-चाळीस माणसांमागे एक ओळखीचा स्वयंसेवक असावा. दगड उचलणाऱ्या पोराला त्याच्याच गावचा माणूस थांबवू शकतो, मंचावरून ओरडून ते जमत नाही. दोघांनी केवळ चित्रीकरण करावे, घोषणा देऊ नयेत. रास्ता रोको आमच्याकडे सवयीचा झाला आहे, आणि अडकलेल्या रुग्णवाहिकेच्या एका चित्रफितीने महिन्याभराची सहानुभूती जाते. करायचाच असेल तर अर्धी बाजू सोडून आणि ठरलेल्या मिनिटांचाच करावा.

निवेदनातली मागणी अशी असावी की ज्याला ते दिले तो अधिकारी त्याच दिवशी सही करून ती पूर्ण करू शकेल. "दोषींवर कठोर कारवाई करा" या मागणीला "योग्य ती कारवाई करू" एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी असे लिहावे: अमुक तारखेचे चित्रण आजच सीलबंद करून प्रत द्या, तपास दुसऱ्या उपविभागाच्या अधिकाऱ्याकडे सोपवा, संबंधित तिघांना तपास संपेपर्यंत या ठाण्यातून हलवा, फिर्यादीच्या घराला संरक्षण द्या. बदली ही शिक्षा नव्हे, हे लोकांना आधीच समजावून सांगावे, नाहीतर बदलीच्या आदेशावर फटाके फुटतात आणि मंडप उठतो.

नेमक्या मागणीने काय होते याचे मोठे उदाहरण विदर्भातलेच आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री, आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने अंगावर जखमांच्या खुणा नाहीत याकडे बोट दाखवून पुन्हा सोडले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीतील बलात्कार हा वेगळा गुन्हा झाला, आणि संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितल्यास न्यायालयाने तसेच गृहीत धरावे असे कलम आले. अशा प्रकरणांत पीडितेचे नाव फलकावर लिहिणे हा स्वतःच गुन्हा आहे, हे मोर्चातल्या प्रत्येकाला सांगावे.

मिटवून टाकण्याचा दबाव

मोर्चानंतरच्या आठवड्यात गावचे पुढारी, कधी पोलीस पाटील, कधी आमदाराचा माणूस घरी येतो. "पोराला पुढे नोकरी करायची आहे, कशाला वाढवता" असे म्हणतो आणि पाकीट पुढे करतो. याच दिवसांत मूळ चोरीच्या प्रकरणात नाव घालण्याची किंवा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली प्रतिबंधक कारवाईसाठी तहसीलदारांपुढे उभे करण्याची धमकी येते. फिर्यादीचे कुटुंब अशा वेळी एकटे असू नये; कोणी भेटायला आले तर शेजारचे दोघे बसलेले असावेत आणि भेटीची तारीख वहीत लिहिली जावी. धमकी आली तर ती वेगळ्या अर्जाने अधीक्षकांना कळवावी. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा ठरत नाही, हेही त्या पोराला पुन्हा पुन्हा सांगावे, कारण कोऱ्या कागदावर सही केल्याची भीती त्याच्या मनात बसलेली असते.

सगळे कागद एका फायलीत आणि तिची पूर्ण प्रत दुसऱ्या गावातल्या माणसाकडे ठेवावी. न्यायालयाच्या तारखेला कोण जाणार, एसटीचे पैसे कोण देणार आणि त्या दिवशीची मजुरी फिर्यादीला कोण भरून देणार, हे मंडप उठण्यापूर्वीच नावे घेऊन ठरवावे. तारखा सुरू झाल्या की त्या वर्षानुवर्षे चालतात, आणि पहिल्या तारखेला आलेली जीप तिसऱ्या तारखेला येत नाही.